हिरण्यकेशीकाठचा हिशोबी चैत्र

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हिरण्यकेशी नदीच्या डाव्या तीरावर वसलेल्या गडहिंग्लजचा वसंत समजून घ्यायचा तर काव्यातला आम्रमोहर आणि कोकिळेचे कूजन काही वेळ बाजूला ठेवावे लागते. फाल्गुन पौर्णिमेपासून वैशाख अमावस्येपर्यंतचा हा काळ या भागात सुगी आटोपल्यानंतरचा आणि मृगाच्या पावसाआधीचा मोकळा काळ असतो. हातात थोडाफार पैसा, कणगीत नवे धान्य, नदीत गुडघाभर पाणी आणि माणसांना पुरेशी सवड या चार गोष्टी वर्षातून याच वेळी एकत्र येत असल्यामुळे देणी फेडणे, गडी ठेवणे, लग्ने उरकणे, देवीची यात्रा भरवणे आणि वर्षाची चटणी कुटून ठेवणे ही वरवर असंबद्ध दिसणारी कामे एकमेकांत गुंतून गेली. येथील वसंताचे सण धर्मशास्त्राच्या पोथीत जितके सापडतात, तितकेच ते देण्याघेण्याच्या वहीत सापडतात, आणि त्यांच्यात झालेले बदलही बहुतेक वेळा वहीतल्या बदलांमागून आलेले आहेत.

या वहीचे पहिले पान नदीचे आहे. हिरण्यकेशी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते, पूर्वेकडे वळून आजरा आणि गडहिंग्लज तालुक्यांतून वाहते, पुढे कर्नाटकात संकेश्वरावरून जाऊन घटप्रभेला मिळते आणि तिच्यामार्फत कृष्णेत जाते. अंतर फार नाही. पण इंग्रजी अमदानीत एवढ्याच प्रवाहावर तीन वेगवेगळ्या सत्तांचा अंमल होता. वरच्या अंगाचा आजरा हा इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत होता, मधले गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानच्या खालसा मुलखात होते, आणि खालचे संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे थेट कंपनीच्या व नंतर राणीच्या सरकारच्या ताब्यात होते. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तर त्यातला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. नदी तीच राहिली. मात्र तिच्या काठच्या माणसांची कचेरी, शाळेची भाषा आणि सुट्ट्यांची यादी एका पिढीत बदलली.

सरहद्दींचा हा इतिहास सणांच्या तारखांतही उतरतो. कोल्हापुरात होळी फाल्गुन पौर्णिमेला पेटते, परंतु रंग खेळला जातो तो पाच दिवसांनी, फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला. बेळगाव शहरात मात्र होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीलाच रंग उडतो. त्यातही गंमत अशी की बेळगावला खेटून असलेले शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात मोडत असल्यामुळे तेथे रंगपंचमीचीच चाल टिकून राहिली, आणि एका रस्त्याच्या अलीकडे व पलीकडे रंगाचे दिवस वेगळे राहिले. संस्थाने जाऊन पाऊणशे वर्षे झाली तरी त्यांच्या सीमा रंगाच्या दिवसांत टिकून आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे सणांना केवळ प्राचीन परंपरा म्हणून मोकळे होणे किती अपुरे आहे ते कळते.

थंडी ओसरू लागल्याची पहिली खूण या खोऱ्यात महाशिवरात्रीला दिसते. नदीच्या उगमाशी, आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानात, आणि आजऱ्याजवळच्या रामतीर्थावर, जेथे नदी खडकांवरून खाली कोसळते, तेथे या दिवशी यात्रा भरते. गडहिंग्लजचे ग्रामदैवत काळभैरव हे गावापासून थोड्या अंतरावर, बड्याचीवाडीच्या डोंगरावर आहे, आणि त्याची यात्रा याच सुमारास येत असल्याने गावाच्या यात्राकाळाची सुरुवात तिच्यापासून धरायला हरकत नाही. महाशिवरात्रीला या तालुक्यात आणखी एक स्मरण जोडलेले आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी, नेमक्या याच तिथीला, मराठ्यांचे सरसेनापती प्रतापराव गुजर हे नेसरीजवळच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर सहा स्वारांनिशी तुटून पडले आणि सातही जण मारले गेले, अशी परंपरा सांगते. नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातले गाव असून तेथील स्मारकावर दरवर्षी लोक जमतात. युद्धाचा हंगाम आणि यात्रेचा हंगाम एकाच वेळी यावा यात योगायोग कमी आहे, कारण दसऱ्याला निघालेल्या फौजांना उगवलेले पीक, कोरडी वाट आणि उतरणीला लागलेली नदी लागत असे, आणि या तिन्ही गोष्टी फाल्गुनात सर्वाधिक अनुकूल असत.

होळीच्या सुमारास गुऱ्हाळे आटोपत येतात, आणि गुऱ्हाळाचा विषय निघाला की या खोऱ्यात घाईने पुढे जाता येत नाही. गुऱ्हाळ म्हणजे उसाचा रस काढून तो आटवून गूळ करण्याची जागा. ती दिवाळीच्या आगेमागे उभी राहते आणि उन्हे तापू लागली की मोडते. जुन्या काळी रस काढायला बैलांनी ओढायचा लाकडी घाणा असे. पुढे लोखंडी चरक आला, आणि 1910 मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात असली अवजारे देशातच तयार होऊ लागल्यावर त्याचा प्रसार वेगाने झाला. त्यानंतर ऑईल इंजिन आणि विजेची मोटर आली व बैल मोकळे झाले. रस मोठ्या पसरट कढईत, म्हणजे काहिलीत ओततात, आणि खाली चुलवाणात पिळून वाळवलेल्या उसाची चिपाडे जाळतात. रस तापू लागला की वर मळी येते. ती काढण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचे चिकट पाणी घालतात, आम्लता मोडण्यासाठी बेताने चुना टाकतात, आणि मग सारा भार एका माणसाच्या नजरेवर पडतो. त्या माणसाला गुळव्या म्हणतात. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी वळून पाहतो, आणि गोळी हवी तशी जमली की काहील उतरवण्याचा इशारा करतो. हे तापमान 118 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पण गुळव्याला तापमापकाची गरज पडत नाही. क्षणभर आधी उतरवला तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, क्षणभर उशीर झाला तर करपून काळवंडतो, आणि दोन्ही वेळा बाजारातला भाव उतरतो. पाक वाफ्यात, म्हणजे निववण्याच्या उथळ हौदात ओतून घोटतात आणि कापड घातलेल्या साच्यांत भरतात. साच्यातून निघालेल्या ढेपेला रवा म्हणतात, आणि कोल्हापुरी रवा परंपरेने सुमारे 30 किलोंचा असे.

हा गूळ बैलगाड्यांनी बाहेर पडे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची मोठी पेठ उभी राहिली आणि जिल्ह्याच्या सर्व भागांतला माल तिकडे वळला. मात्र गडहिंग्लज हे आंबोली घाटातून कोकणात उतरणाऱ्या वाटेवर असल्याने त्याचा स्वतःचा बाजारही मोठा राहिला. घाटावरून गूळ आणि मिरची खाली जाई, खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येई, आणि रविवारच्या आठवडी बाजारात मराठी, कन्नड आणि कोकणी ढंगाची मराठी अशा तीन बोलींत घासाघीस चाले. रेल्वे गावाला कधीच आली नाही. 1891 मध्ये ती कोल्हापुरात थांबली, बेळगावची लोहमार्गाची वाट पूर्वेकडून निघून गेली, आणि गडहिंग्लज दोन्ही मार्गांच्या मध्ये बैलगाडीच्या आणि पुढे एसटीच्या भरवशावर राहिले. बाजाराचे नुकसान त्यामुळे झालेच, तरीही परिसरातल्या गावांची पेठ म्हणून त्याचे महत्त्व टिकण्यास हेच कारण झाले असावे, कारण रेल्वेने जोडलेल्या मोठ्या पेठांनी लहान पेठा गिळल्याची उदाहरणे आसपास कमी नाहीत.

गुळाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, हातात आली की चैत्र शुद्ध प्रतिपदा उजाडे. गुढीपाडव्याला घरोघरी वेळूच्या काठीवर खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची माळ आणि तांब्या चढवून गुढी उभारतात, ग्रामजोशी पंचांग वाचून पाऊसपाणी सांगतो, आणि कडुलिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर खाल्ला जातो. तालुक्याच्या पूर्व भागातली नूल, हलकर्णी, नांगनूर, बसर्गे ही गावे कन्नडही बोलतात; तेथे हाच दिवस युगादीचा, आणि कडुनिंब व गुळाची जोडी तेथेही तीच. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने पाडव्याचे खरे काम अंगणात नसून ओसरीवर होत असे, कारण सालगड्याचे साल याच दिवशी संपत असे आणि याच दिवशी सुरू होत असे. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतमजूर; त्याची बोली रोख रक्कम, धान्याची पोती, घोंगडे, पायताण आणि वर्षातून एक-दोन कपडे अशी मिळून ठरे, आणि त्याने आधी घेतलेली उचल फिटली नसेल तर तो त्याच मालकाकडे आणखी एक साल अडकून पडे. गोड जेवण झाल्यावर बोलीची बैठक बसे. ज्याची उचल फिटली तो गडी त्या दिवशी मोकळा असे, आणि मालक बदलण्याचा त्याचा अधिकार वर्षात केवळ त्या एका दुपारपुरता जिवंत असे. औताचा मुहूर्तही पाडव्यालाच धरत. बैलजोडी जुंपून शेतात दोन-चार तास, म्हणजे औताच्या रेघा, काढले की नव्या वर्षाची शेती सुरू झाली असे मानले जाई.

इंग्लंडमधल्या नदीकाठच्या गावांशी तुलना केली तर हे वेळापत्रक उलटे दिसते. एव्हन नदीवरच्या स्ट्रॅटफर्ड गावात गड्यांची आणि मोलकरणींची वर्षाची बोली ठरवण्याचा बाजार शरद ऋतूत, ऑक्टोबरमध्ये भरे, आणि त्याची आठवण म्हणून आजही तेथे त्या महिन्यात जत्रा भरते. कारण तिकडे पीक शरदात घरात येई आणि वसंतात शेती नव्याने सुरू होई. वसंत तिकडे हिवाळ्याच्या कैदेतून सुटण्याचा ऋतू असल्यामुळे ऑक्सफर्डला 1 मे रोजी पहाटे मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो आणि खाली चेरवेल नदीच्या पुलावर लोक गोळा होतात. गडहिंग्लजला सुटका व्हायची ती उन्हाळ्यातून, आणि तिचा आनंद ज्येष्ठात साजरा होतो. असे असले तरी हिशोबाच्या बाबतीत दोन्ही देश एका धाग्याने जोडले गेले, आणि तो धागा इंग्रजी वसंताचाच आहे. इंग्लंडमध्ये 25 मार्च हा मेरीच्या सणाचा दिवस कुळांनी खंड भरण्याचा व शेत सोडण्या-धरण्याचा असे, आणि 1752 पूर्वी कायद्याने वर्षही याच दिवशी बदले. पंचांग सुधारणेत अकरा दिवस वगळल्यामुळे तो हिशोब पुढे सरकला, आणि तिकडचे कराचे वर्ष आजही 6 एप्रिलला सुरू होते. हिंदुस्थान सरकारने 1867 मध्ये आपले आर्थिक वर्ष 1 मेऐवजी 1 एप्रिलपासून धरले, ते तिकडच्या हिशोबाशी मेळ घालण्यासाठी.

यामुळे गडहिंग्लजच्या माणसाच्या वाट्याला वर्षाचे चार आरंभ आले. व्यापारी कार्तिक प्रतिपदेला, दिवाळीच्या पाडव्याला वह्या बदलत. पंचांगाचे शालिवाहन शक चैत्र पाडव्याला बदले. जुन्या महसुली कागदांतले सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनमध्ये सुरू होत. आणि सरकारी कचेरीचे वर्ष 1 एप्रिलला उजाडे. पाडवा आणि 1 एप्रिल हे दोन वर्षारंभ एकमेकांच्या आगेमागेच येतात, त्यामुळे वसंतातली देण्याघेण्याची गर्दी दुप्पट झाली. पुढे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1948 याच्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक मानण्यासाठी जो दिवस ठरवला, तो 1 एप्रिल 1957 हाच होता, आणि कायद्याच्या भाषेत त्याला कृषक दिन म्हणतात. चैत्रात ज्या ओसरीवर खंडाची बोली होई, तेथे त्या वर्षापासून अर्ज, जबाब आणि हरकती यांची भाषा आली. काही कुळे मालक झाली, काहींनी दडपणाखाली जमीन सोडली, आणि काही घराण्यांतल्या कज्ज्यांचे निकाल पुढच्या पिढीने पाहिले.

चैत्राच्या याच हिशोबात बलुतेदारही होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग अशा गावकामगारांना वर्षभराच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे, आणि त्याला बलुते म्हणत. सुताराने औत भरून द्यायचे, लोहाराने फाळ शेवटायचा, परटाने लग्नाच्या वरातीपुढे पायघड्या घालायच्या, आणि त्या बदल्यात सुगीत पेंढ्या उचलायच्या. या देवघेवीचे गोडवे गाताना तिच्यातली जबरी नजरेआड करण्याची चूक पुष्कळ लेखकांनी केली आहे. महार वतनात थोड्याशा जमिनीच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाकडून सरकारी वेठ घेतली जाई. शाहू छत्रपतींनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात ही वतने रद्द करून जमिनी रयताव्यात वर्ग केल्या, तर मुंबई राज्यात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा होण्यास 1958 उजाडले. मुंबई मुलखातल्या महाराला गडहिंग्लजच्या महारापेक्षा चाळीस वर्षे जास्त वेठ करावी लागली असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण व्यवहारात कायदा आणि गाव यांचे अंतर दोन्हीकडे होते. पण कागदावरचे अंतर तेवढे होतेच.

वसंताच्या यात्राकाळाचे सर्वांत काळे पान सौंदत्तीच्या यल्लमाशी जोडलेले आहे, आणि त्यात गडहिंग्लजचे नाव दोन्ही बाजूंनी येते. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुकेचे, म्हणजे यल्लमाचे देऊळ आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवीला वैधव्य येते अशी समजूत असल्याने तिला रांडाव पुनव, आणि माघ पौर्णिमेला ती पुन्हा सुवासिनी होते म्हणून तिला अहेव पुनव म्हणतात, तर चैत्र पौर्णिमेची यात्रा दवण्याची असते. दवणा ही सुगंधी वनस्पती देवाला वाहण्याची चाल जुनी आहे आणि कोल्हापूरच्या जोतिबालाही ती वाहतात. गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील गरीब, बहुधा दलित घरांतल्या मुली याच यात्रांच्या काळात देवीला सोडल्या जात. केसांत जट दिसली, घरात आजार आला, मुलगा झाला नाही, अशी कारणे पुरत. गळ्यात पांढऱ्या-तांबड्या मण्यांचे दर्शन बांधले की मुलगी जोगतीण होई, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली, घेऊन आणि हातात परडी धरून जोगवा मागे, आणि तिच्या देहावर गावातल्या धनिकांचा हक्क चाले. शाहू छत्रपतींनी 1920 मध्ये संस्थानात जोगतिणी व मुरळ्या सोडण्यास बंदी करणारा कायदा केला, आणि मुंबई सरकारने 1934 मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा केला. परंतु सौंदत्ती एका सत्तेत आणि मुलीचे गाव दुसऱ्या सत्तेत अशी स्थिती असल्याने पळवाटा खुल्या राहिल्या. या प्रथेविरुद्ध संघटित आवाज उठला तो याच पट्ट्यातून. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने 1975 मध्ये गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली, आणि जटा सोडवणे, मुलींचे शिक्षण, देवदासींचे विवाह व निर्वाहवेतन या मागण्या तेव्हापासून सार्वजनिक चर्चेत आल्या. यात्रेच्या तपशिलात रमणाऱ्या लेखनात ही परिषद सहसा आढळत नाही; प्रत्यक्षात गावाच्या गेल्या शतकातील सांस्कृतिक इतिहासात तिचे स्थान कोणत्याही रथोत्सवापेक्षा वरचे मानले पाहिजे.

गावोगावच्या देवीच्या यात्रा मात्र याच काळात आनंदाने भरतात. या भागात गावलक्ष्मीची किंवा महालक्ष्मीची मोठी यात्रा दरवर्षी न भरता बऱ्याच वर्षांच्या अंतराने भरते, कारण तिचा खर्च एका हंगामाच्या उत्पन्नात बसत नाही. यात्रा ठरली की देवीची लाकडी मूर्ती नव्याने रंगवली जाते, घरांना चुना लागतो, आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकींना माहेरी बोलावणे धाडले जाते. त्याआधीचा आठवडा नदीचा असतो. घरातल्या वाकळी, म्हणजे जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक शिवून केलेल्या जाड गोधड्या, गाडीत घालून काठावर नेतात. त्या राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवून खडकावर बडवतात, दोघी-दोघींनी पीळ घालून निथळतात आणि तापलेल्या वाळूवर पसरतात. वाकळ ओली झाली की एका बाईला पेलत नाही, त्यामुळे हे काम शेजारपाजार मिळून केले जाते, आणि कोणाच्या घरची वाकळ किती थरांची यावरून त्या घरची ऐपत ओळखली जाते. यात्रेच्या दिवसांत व्हन्नाट, म्हणजे देवीला उचलून भंडारा उधळत नाचवण्याचा खेळ होतो, ओट्या भरल्या जातात, गोड्या जेवणानंतर खाऱ्या जेवणाचा दिवस येतो, कुस्त्यांचे मैदान भरते, आणि पूर्वी रात्री गोकाककडचे कन्नड पारिजात आणि मराठी तमाशा हे दोन्ही खेळ एकाच गावात होऊ शकत. त्यांची भाषा प्रेक्षकांना कधी आड आली नाही.

घरातल्या बायकांचा वसंत याहून कष्टाचा होता. मिरचीचा हंगाम माघापासून चैत्रापर्यंत चालतो. लांब, सुरकुतलेल्या सालीची संकेश्वरी मिरची आणि गावरान बियांची जवारी मिरची ही गडहिंग्लजच्या बाजाराची ओळख आहे. कोल्हापूरकडे चटणी या शब्दाने कांदा-लसूण घातलेला वर्षभराचा लाल मसाला समजतात, आणि तो चैत्र-वैशाखाच्या उन्हातच करावा लागतो, कारण मिरची कडकडीत वाळली नाही तर पावसाळ्यात बुरशी धरते. देठ खुडणे, खोबरे, तीळ, धणे आणि गरम मसाला तेलावर भाजणे, आणि मग उखळात किंवा पुढे गिरणीच्या डंकावर कुटणे, असे हे काम आठवडाभर चाले. त्याच उन्हात शेवया, कुरडया, सांडगे आणि पापड वाळत. ज्यांना सवड आणि ऐपत होती त्या घरांत चैत्रगौर बसे, आंब्याची डाळ आणि पन्हे वाटून हळदीकुंकू होई. पण गावातल्या बहुसंख्य स्त्रियांचा चैत्र मिरचीच्या ठसक्यात जाई, आणि त्याची नोंद कोणत्याही व्रतकथेत नाही.

चैत्र पौर्णिमेला वाडीरत्नागिरीच्या जोतिबाची यात्रा येते. उंच सासनकाठ्या आणि गुलालाने लाल झालेली वाट ही तिची खूण, आणि गडहिंग्लजकडचे भक्त पूर्वी बैलगाड्यांचा तळ टाकत तेथे पोहोचत. वैशाख शुद्ध तृतीयेला बसव जयंती असते. तालुक्यात लिंगायत समाजाची वस्ती मोठी आणि नूलच्या सुरगीश्वर मठासारखी पीठे जुनी. तरीही सार्वजनिक बसव जयंतीची चाल विसाव्या शतकातली असून हर्डेकर मंजप्पा यांनी ती 1913 मध्ये दावणगेरे येथे सुरू केली. 14 एप्रिलची आंबेडकर जयंती या ओळीत सर्वांत तरुण. तिच्यामागे कोल्हापूर संस्थानातली 21 व 22 मार्च 1920 ची माणगाव परिषद उभी आहे, जेथे शाहू छत्रपतींनी तरुण आंबेडकरांचा अस्पृश्य समाजाचा पुढारी म्हणून जाहीर गौरव केला. आज मिरवणुकीच्या लांबीने पाहिले तर गडहिंग्लजच्या वसंतातले मोठे दिवस पंचांगातल्या जुन्या तिथींपेक्षा या नव्या जयंत्यांचे आहेत.

ज्या सवडीवर हे सगळे उभे होते ती सवड मात्र पाण्याने हिरावली. पूर्वी चैत्रात हिरण्यकेशीचे डोह तेवढे उरत, आणि काठच्या मळीच्या जमिनीला मोटेने, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या पोहऱ्याने पाणी दिले जाई, तेही मोजक्या वाफ्यांना. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी हे चित्र बदलले. या बंधाऱ्यात दगडी खांब पक्के असतात आणि त्यांच्या खाचांत फळ्या बसवतात. फळ्यांना बरगे म्हणतात, त्यांच्या दोन ओळी लावून मध्ये चिकण माती ठोकून भरतात, त्यामुळे पाणी अडते, आणि पावसाळ्याआधी बरगे काढून घेतले की पूर विनाअडथळा निघून जातो. निलजी, ऐनापूर, नांगनूर येथे असे बंधारे झाले, लाकडी बरग्यांची जागा लोखंडी बरग्यांनी घेतली, आणि आजरा तालुक्यातल्या चित्री धरणात पाणी साठू लागल्यावर उन्हाळ्यात ठरावीक आवर्तनाने ते नदीत सोडता येऊ लागले. ऊस वाढला, हरळीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, गुऱ्हाळे कमी झाली, आणि ज्या चैत्रात शेत मोकळे पडे त्या चैत्रात खोडवा राखण्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून दुसरे पीक घेण्याचे, काम सुरू झाले. सालगड्याची पाडव्याची बोली विरळ झाली. तिच्या जागी मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्या दिसू लागल्या, ज्यांचे साल दसऱ्याला सुरू होते आणि पाडव्याच्या सुमारास परतीच्या वाटेवर संपते.

बरगे काढण्याचे काम आजही मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकावे लागते. उशीर झाला तर वरून आलेले पाणी तुंबून काठ खचतात. जुलैत नदी भडगावच्या पुलाला लागते आणि काही वर्षी त्यावरून वाहून चंदगडचा रस्ता तोडते. तोपर्यंत ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर होऊन गेलेला असतो, ज्यात बैलांची शिंगे रंगवून त्यांना पोळी चारतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या इतर भागांत हाच सण आषाढात येतो, आणि त्याला महाराष्ट्रीय बेंदूर म्हणतात.